चिलीम, पाईप आणि त्यावरचे नाव

उत्सवांचे वृत्तांत, कीर्तनांची वर्णने आणि संतचरित्रे ज्या पानांवर येतात, त्यांच्या शेजारी तंबाखूच्या नळीने येऊन बसावे काय, अशी शंका काही वाचकांस येईल. शंका रास्त आहे. परंतु आपल्या समाजाने तंबाखूस कायम दाराबाहेर उभे ठेवले होते, असे मात्र कोणी म्हणू नये. विडी ओढताना सापडलेल्या पोराच्या पाठीत ज्या शास्त्रीबुवांनी धपाटा घातला, त्यांच्याच कनवटीला तपकिरीची डबी असे. आणि विड्याच्या तबकात चुना, कात, सुपारीच्या जोडीला तंबाखूची चिमूट ठेवणाऱ्या आजीबाई धुराच्या वासाने नाक मुरडीत. तंबाखूची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. तिने आमच्या घराचे काय केले ते पुढे येईलच. आम्हांस विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. एखाद्या वस्तूचा चांगुलपणा कशात असतो, ती ज्या द्रव्याची केली त्यात, ती घडविणाऱ्या हातात, की तिच्यावर कोरलेल्या नावात? तंबाखू ओढण्याच्या साधनाइतके या प्रश्नाचे सोपे उदाहरण दुसरे नाही, कारण तेथे परीक्षा तत्काळ होते. दोन झुरक्यांत खरे-खोटे जिभेला कळते.

आमचे गाव शाहपूर. बुऱ्हाणपुराहून दक्षिणेस इच्छापूर-मुक्ताईनगरच्या वाटेला लागले की हे गाव लागते. राज्य मध्य प्रदेशाचे, बोली आमची मराठी, शेत केळीचे आणि कपाशीचे. आजोबा कारवारकडून ताप्ती मिलमध्ये कारकून म्हणून बुऱ्हाणपुरास आले आणि पुढे शाहपुरास चार बिघे जमीन घेऊन तेथलेच झाले. म्हणून आमच्या घरात कोकणी आणि खानदेशी असे दोन्ही कान तयार झाले. आमच्या या मुलखाचा आणि तंबाखूच्या नळीचा संबंध फार जुना आहे. हिंदुस्थानातील नळीचे पहिले तपशीलवार वर्णन ज्या प्रसंगामुळे लिहिले गेले, त्याचे एक टोक बुऱ्हाणपुरास बांधलेले आहे.

१६०१च्या आरंभी असीरगड पडला आणि अकबराने खानदेशचा कारभार धाकटा पुत्र दानियाल याजकडे दिला. बुऱ्हाणपूर हे त्याचे ठाणे. विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाची कन्या त्याला द्यावयाची ठरली, आणि वधूस घेऊन येण्याच्या कामगिरीवर अकबराने असद बेग नावाच्या आपल्या माणसास विजापुरास धाडले. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेली तंबाखू तोवर विजापूरच्या बाजारात पोहोचली होती. असद बेगला ती नवलाची वाटली. बादशहासाठी त्याने थोडी बरोबर घेतली आणि तिच्या इतमामाला शोभेल अशी एक नळी सिद्ध केली. तिचे वर्णन त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. दांडी आचीन बंदराकडची, म्हणजे सुमात्रा बेटावरची, तीन हात लांब. दोन्ही टोकांस रत्ने आणि मीनाकाम. तोंडाशी येमेनी अकीकाचा लंबगोल तुकडा. पेटविण्यासाठी सोन्याचे पात्र. तंबाखू ठेवावयास आदिलशहाने दिलेली पानाची पिशवी. दांडीसाठी चांदीचे नळकांडे आणि त्यावर जांभळ्या मखमलीचे वेष्टन. हे सर्व रुप्याच्या तबकात मांडून त्याने बादशहापुढे ठेवले. दख्खनहून आग्र्यास जाणारा हमरस्ता बुऱ्हाणपूर-असीरगडावरून जाई. तेव्हा ते चांदीचे नळकांडे आमच्या शिवाराजवळून गेले असे मानावयास आम्हांस आवडते.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. अकबराने विचारले हे काय. खान-ई-आझमने सांगितले की ही तंबाखू, मक्का-मदिनेत ती ठाऊक आहे. हकीमाने हरकत घेतली, कारण आपल्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही. तरी बादशहाने दोन-तीन झुरके घेतले आणि नंतर तिचा नाद धरला नाही. दरबारी मंडळींनी मात्र धरला, आणि व्यापाऱ्यांनी माल पुरविण्यास विलंब लावला नाही. १६१७मध्ये जहांगिराने तंबाखूबंदीचे फर्मान काढले. त्याचा उपयोग किती झाला हे वाचकांस सांगावयास नको.

असद बेगचे ते वर्णन आम्ही अनेकदा वाचले आहे. त्यात रत्ने आहेत, मीना आहे, मखमल आहे. पण धूर कसा आला याविषयी अक्षर नाही. ज्या वाटीत तंबाखू जळावयाची तिच्या भिंती जाड की पातळ, भोक सरळ की वाकडे, याची त्याला फिकीर नाही. सगळ्या वर्णनात ओढणाऱ्याच्या कामाचा शब्द एकच आहे. ती दांडी चांगली वाळविलेली होती, एवढे तो जाता जाता सांगतो. खरे पाहता त्या नळीत मोलाचे काही असेल तर तेच. ओली दांडी कितीही रत्नजडित असली तरी धुराला लाकडाची कडवट चव आणते.

आपल्या वैद्यकाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी धूमपानाचे प्रकरण आहे. तेथे तंबाखूचा संबंध अर्थातच नाही. सुगंधी औषधांचे कल्क काडीवर लेपून, वाळवून, काडी काढून घेतलेल्या पोकळ वर्ती आहेत. परंतु नळीचा, म्हणजे धूमनेत्राचा, जो विचार तेथे आहे तो आजच्या पाईप करणाऱ्या कारागिराने वाचावा असा आहे. विरेचनासाठी नळी चोवीस अंगुळे, स्नेहिक धुरासाठी बत्तीस, नित्याच्या धुरासाठी छत्तीस. ती सरळ असावी, तिला तीन कोष असावेत, आणि टोकाचे छिद्र बोरीच्या आठळीएवढे. कारणही दिले आहे. दुरून येणारा, पेरापेरांतून तुटत येणारा आणि नळीने बारीक केलेला धूर इंद्रियांस बाधत नाही. लांबी, जोड, भोक अशी तीन मापे सांगून ग्रंथकार थांबतो. नळीवर कोणाची मुद्रा असावी हे तो सांगत नाही.

पात्राच्या द्रव्याचा विषय निघाला म्हणजे दानियालचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. विजापूरची राजकन्या त्याला मिळाली, पण संसार घडला नाही. मद्याने त्याला ग्रासले होते. अकबराच्या आज्ञेने खानखानान अब्दुर्रहीमने त्याच्याभोवती पहारे बसविले. तेव्हा त्याने आपल्या बंदुकवाल्यास गळ घातली आणि त्याने बंदुकीच्या नळीत भरून कडक दारू आत आणली. जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे की नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा मळ त्या मद्यात विरघळला आणि ते पिताच शाहजादा कोसळला. ती बंदूक त्याची आवडती होती आणि तिचे नाव त्यानेच ठेवले होते; जनाज्याची जोडीदारीण असा त्या नावाचा भाव. हे बुऱ्हाणपुरास घडले, १६०५मध्ये, अकबराच्या मृत्यूच्या आधी काही महिने. गंजाने माणूस असा तत्काळ मरत नाही. दारूने पोखरलेल्या देहाचा दोष इतिहासाने लोखंडाच्या माथी मारला असेच आम्हांस वाटते. तथापि भांड्याचे द्रव्य आतल्या पदार्थात उतरते, एवढे त्या काळच्या माणसांस पक्के ठाऊक होते, नाही तर ही हकीकत कोणास पटली नसती.

आता चिलमीकडे वळू. आमच्या गावच्या कुंभारवाड्यात मडकी, पणत्या, बैलपोळ्याचे बैल यांच्याबरोबर चिलमीही होत. चिलीम ही कुंभाराच्या दृष्टीने अगदी किरकोळ वस्तू. चाकावर मातीचा मोठा गोळा चढवावा, त्याच्या शेंड्यावर अंगठा आणि दोन बोटे यांनी चिलमीचे तोंड उघडावे, खालचा देठ आवळीत आणावा आणि दोऱ्याने कापून बाजूस ठेवावी. एका गोळ्यातून अशा कित्येक निघत. पाहणाऱ्यास वाटे हे पोरखेळाचे काम. परंतु चांगली चिलीम आणि वाईट चिलीम यांतले अंतर मातीपासूनच सुरू होई. आमची काळी कपाशीची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिची वस्तू केली तर ती वाळतानाच तडकते. म्हणून कुंभार ओढ्याकाठचा गाळ आणी, तो चाळी, त्यात राख आणि वाळलेली लीद मिसळी आणि मग पायांनी तुडवी. लीद कशाला, असे आम्ही लहानपणी नाक धरून विचारीत असू. तिचे तंतू आव्यात जळून जातात आणि त्यांच्या जागी अतिसूक्ष्म पोकळ्या उरतात, हे त्याचे उत्तर होते. त्याला रसायन शिकविले नव्हते, पण चिलमीच्या भिंतीने धुरातला ओलावा आणि चिकटा प्यावा कसा, हे त्याला चांगले कळत होते.

भिंतीची जाडी हे दुसरे अंग. पातळ चिलीम हाताला चटका देते. फार जाड केली तर ती जड होते, आणि वाळताना आत ओल राहून आव्यात फुटते. तिसरे अंग भाजण्याचे. पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा आवा मंद पेटला तर चिलीम कच्ची राहते आणि पहिल्या आठवड्यात धुराला मातीचा वास येतो. पक्की भाजलेली चिलीम नखाने टिचकी मारली की खणखणते. बाजारात म्हातारी माणसे कानाशी धरून वीस-वीस चिलमी वाजवून पाहात आणि त्यांतली एक घेत. विकणाराही त्याचा राग मानीत नसे. लाल असावी की काळी याविषयी मात्र गावात दोन पक्ष होते. आवा शेवटी कोंडून धूर आत दडपला की चिलीम काळी होते. ओढण्यात फरक पडत नाही. काळीचे अभिमानी तरीही ते मान्य करीत नसत.

ओढणाऱ्याचेही कौशल्य असे. देठाच्या वर एक खडा टाकावयाचा, म्हणजे तंबाखू आणि निखारा खाली उतरत नाही आणि हवा मात्र भोवतालून वाट काढते. हा खडा नदीतला, गुळगुळीत, पण पूर्ण गोल नव्हे. पूर्ण गोल असला तर वाटच बुजते. खाली ओली छापी गुंडाळावयाची आणि दोन्ही मुठींच्या पोकळीतून ओढावयाचे. त्यामुळे मातीला तोंड लागत नाही. एकच चिलीम दहाजणांत फिरे आणि प्रत्येकाची छापी वेगळी असे. उत्तरेकडे बहिष्कृताचे हुक्कापाणी बंद करतात. आमच्याकडे त्याला छापी आणावयास सांगत नसत, एवढेच. ज्या वस्तूचे मोल दोन पैसे, तिच्याभोवती जातीची आणि सोवळ्याची एवढी गणिते मांडलेली होती.

हुक्क्याविषयी आम्ही फार लिहिणार नाही. बिदरच्या कारागिरांनी त्याची बैठक जस्त-तांब्याच्या मिश्रधातूची केली, तीत चांदीची तार ठोकली आणि बिदरच्या किल्ल्यातील मातीने तिला मखमली काळेपणा आणला. त्या कामाला २००६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. देखणेपणात तिच्याशी बरोबरी करणारे फार थोडे. पण बैठकीत असते ते पाणी. धुराच्या चवीला चांदीची तार काय करणार? कोकणातील गुडगुडीला नारळाची कवटी पुरत असे. ती हलकी, फुटली तर दुसरी, आणि परसात फुकट. गंमत अशी की जगभर मान आहे तो या गरीब कवटीला. तुर्कांच्या आणि अरबांच्या बाजारात हुक्क्याला नार्गिले म्हणतात, आणि तो शब्द आपल्या नारिकेलाचाच आहे. बिदरचे नाव मात्र त्या बाजारात कोणी घेत नाही.

समुद्रफेनाचीही अशीच कथा. आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना भरतीनंतर वाळूत सापडणारे ते पांढरे, हलके, नखाने खरवडता येणारे कवच ठाऊक आहे. आजीच्या औषधांच्या डब्यात त्याचा तुकडा असे. तुर्कस्थानात एस्किशेहिर येथे जमिनीतून असाच एक पांढरा, हलका, सच्छिद्र खडक निघतो, आणि त्याचे कोरीव पाईप करतात. जर्मन लोकांनी त्याला मेअरशाउम म्हटले. त्याचा शब्दशः अर्थ समुद्राचा फेसच. खनिजशास्त्रज्ञांनी १८४७मध्ये त्याला सेपिओलाइट नाव दिले, तेही समुद्रफेनाच्याच ग्रीक नावावरून. वस्तू दोन, पण दोन टोकांच्या माणसांना उपमा एकच सुचली. या खडकाचा पाईप ओढता ओढता मधासारखा पिवळा आणि मग तपकिरी होत जातो. त्याच्या छिद्रांत चिकटा मुरतो, म्हणजे आमच्या कुंभाराच्या लिदीचे काम तेथे निसर्गानेच करून ठेवलेले असते.

आता आमच्या घरच्या पाईपाची हकीकत सांगावयाची. थोरले काका भुसावळ विभागात रेल्वेचे गार्ड होते. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर देश सोडून निघाला, तेव्हा त्याने जाता जाता आपला पाईप काकांना दिला. विलायती, ब्रायर लाकडाचा, आणि देठावर एका नामांकित पेढीचे नाव कोरलेले. ते नाव येथे सांगण्याचे कारण नाही. काकांना त्या नावाचा मोठा अभिमान. सुट्टीवर शाहपुरास आले की संध्याकाळी ओट्यावर बसत, पाईप भरत, आणि ती अक्षरे बाहेरच्या बाजूस येतील अशा बेताने हातात धरत. ओट्याच्या खालच्या पायरीवर आमचा म्हातारा सालदार आपली चिलीम घेऊन बसलेला असे. दोघांच्या दरम्यान तीन पायऱ्या आणि पुष्कळसे सौजन्य. एके दिवशी तो म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुमची नळी रडते. आमची चिलीम रडत नाही."

खरेच रडत असे. अर्धी तंबाखू जळली की पाईपाच्या तळाशी ओलावा साचून गुळगुळ आवाज येई, कडू थेंब जिभेवर येई आणि तळची तंबाखू काळी, चिकट होऊन तशीच राही. काकांनी प्रथम तंबाखूला दोष दिला, मग आमच्या पावसाळी हवेला. शेवटी बुऱ्हाणपूरच्या एका सोनाराने बारीक तार आत घालून पाहिली आणि निदान केले. देठातून आलेले भोक वाटीच्या तळाला मिळावयास हवे, ते भाताच्या दोन शितांइतके वर उघडत होते. जळताना तंबाखूतून पाणी सुटतेच. त्याला जावयास वाट नव्हती. छिद्र पाडणाऱ्याचा हात त्या दिवशी किंचित वर गेला, आणि वरून नाव कोरणाऱ्याने आत डोकावून पाहिले नाही. सोनाराने राखेत पाणी कालवून तळाला लिंपण दिले, तळ भोकापर्यंत उचलला आणि आठ दिवस वाळू दिले. पाईप रडावयाचा थांबला. चिलमीत हा दोष संभवतच नाही, कारण तिची वाट सरळ खाली जाते. सालदाराला हे सांगितले तेव्हा त्याने नुसती मान हलविली.

ब्रायरविषयी एवढे सांगावयास हवे की ते द्रव्य खरोखर उत्तम आहे. भूमध्यसमुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडुपाच्या मुळाशी जी गाठ धरते, तिचे हे लाकूड. रुक्ष माळावर ती गाठ कित्येक दशके हळूहळू वाढते, दाट होते, तिच्यात गारगोटीचा अंश असतो, म्हणून ती निखाऱ्याने सहजी जळत नाही. गाठ खणून काढली की ओली ठेवतात, करवतीने ठोकळे पाडतात, ते तासन् तास उकळून रस आणि तुरटपणा काढतात आणि मग महिनोगणती, कधी वर्षे, सावलीत वाळवितात. ही घाई ज्याने केली त्याचा पाईप पहिल्या महिन्यातच कडू लागतो. असद बेगची वाळविलेली दांडी येथे पुन्हा आठवावी.

हे काम प्रथम नावारूपास आले ते फ्रान्समधील सेंट क्लोद या डोंगरी गावात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. ते गाव मुळात क्षेत्राचे. एका संताच्या समाधीला यात्रेकरू येत, आणि गावचे कातारी त्यांच्यासाठी लाकडी जपमाळा व मूर्ती करीत. मण्यांना भोके पाडण्यात पिढ्यान् पिढ्या तयार झालेला हात पुढे पाईपाकडे वळला. पंढरपूर-आळंदीच्या तुळशीमाळा करणारांकडे पाहिले म्हणजे आम्हांस ते गाव डोळ्यांपुढे दिसते. मणी मधोमध टोचला पाहिजे, नाही तर माळ बोटांत अडखळते. पाईपाचे भोकही तसेच. सावंतवाडीच्या लाखकामासारखी झिलई मात्र पाईपाला सोसत नाही. लाकडाची छिद्रे बुजतात आणि तो तापतो, असे जाणकार सांगतात. खेळण्याला जे भूषण ते येथे दूषण. आणि झिलईचा आणखी एक उपयोग असतो, तो लाकडातील खड्डे पुटी भरून लपविण्याचा. काकांच्या पाईपाची झिलई उडाली तेव्हा तसे दोन ठिपके उघडे पडले. नाव तेव्हाही शाबूत होते.

तर मग नावाला काही अर्थच नाही काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. हॉलंडमध्ये गौडा नावाचे गाव आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत तेथल्या पांढऱ्या मातीच्या चिलमीवजा नळ्या युरोपभर जात. १६६०मध्ये कारागिरांनी आपला संघ स्थापिला. प्रत्येकाची खूण नळीच्या टाचेवर उमटविलेली असे आणि संघ तिचे रक्षण करी. खूण पाहून गिऱ्हाइकाने माल घ्यावा, इतका तिचा लौकिक झाला. अर्थात शेजारच्या गावांनी त्या खुणा चोरल्या. तेव्हा १७३९-४०च्या सुमारास गौडाच्या कारागिरांस गावाचे मानचिन्हही टाचेच्या बाजूस उमटविण्याची मुभा मिळाली, आणि साधारण प्रतीच्या मालावर त्या चिन्हाच्या वर एक अक्षर घालावे असे ठरले. आपला माल दुय्यम आहे हे स्वतःच छापून सांगणारे व्यापारी आम्हांस फार आदरणीय वाटतात. नावाचा खरा धर्म हाच. ज्याला आत तार घालून पाहता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी आधीच पाहून ठेवले आहे, अशी ती हमी. लंडनच्या डनहिल पेढीने १९१५पासून आपल्या पाईपांच्या मुखनळीवर पांढरा ठिपका घालावयास आरंभ केला. त्याचा मूळ हेतू साधा होता. मुखनळीची वरची बाजू कोणती, हे ओढणाऱ्यास चटकन कळावे. पुढे तो ठिपकाच पेढीची ओळख झाला आणि माणसे ठिपक्यासाठी पैसे मोजू लागली. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील मिसुरी प्रांत. तेथे वॉशिंग्टन नावाच्या गावात १८६९पासून मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचे पाईप होतात. स्वस्त, सच्छिद्र, कोरडे ओढणारे. आणि त्यांना नाव दिले काय, तर मिसुरीचे मेअरशाउम! तेथे कणसाने खडकाचे नाव उसने घेतले, परंतु माल वाईट दिला नाही.

आमच्या कुंभाराची खूण नव्हती. पण देठ आवळताना त्याच्या उजव्या आंगठ्याच्या जुन्या जखमेचा व्रण ओल्या मातीत उमटे, एक तिरपी रेघ. बाजारातल्या म्हाताऱ्यांना ती रेघ ठाऊक होती. टिचकी मारण्यापूर्वी ते ती रेघ पाहात. कुंभाराने ती मुद्दाम उमटविली नव्हती, आणि तो गेल्यावर त्याच्या मुलाच्या चिलमींवर ती आली नाही. मुलाचा माल बापाइतकाच पक्का होता, असे आम्ही स्वतः वाजवून पाहिले आहे. तरी दोन वर्षे बाजाराने त्याला हात राखूनच घेतले.

आणि आता ती गोष्ट, जी टाळून हा लेख पुरा करता आला असता. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी काकांच्या जिभेच्या कडेला एक चट्टा दिसू लागला. पाईपाच्या मुखनळीची जागा तीच. त्यांनी मुखनळीला दोष दिला, तिचे रबर जुने होऊन हिरवट पडले होते. ती बदलून घेतली. चट्टा राहिला. मुंबईस नेले तेव्हा डॉक्टरांनी पाईप पाहावयास मागितला नाही. लाकूड कोणते, भोक कोठे, पेढी कोणती, यांपैकी काहीही त्यांनी विचारले नाही. किती वर्षे आणि दिवसातून किती वेळा, एवढेच विचारले. पाईप ओढणारांस ओठाचा कर्करोग अधिक होतो, ही गोष्ट झ्योमेरिंग नावाच्या जर्मन वैद्याने १७९५मध्येच नोंदवून ठेवली होती. पाईपाचा धूर छातीत न घेतला तरी तो तोंडातच आपले काम करतो. हुक्क्याचे पाणी धूर गार करते, विष गाळीत नाही. कुंभाराची लीद, तुर्कस्थानचा खडक, उकळलेले ब्रायर ही सर्व धुराची चव सुधारतात, आणि चव सुधारली म्हणजे माणूस अधिक ओढतो. काका पावणेदोन वर्षे होते. शेवटच्या काळात बोलणे अवघड झाले तेव्हा पाटीवर लिहीत. सालदार रोज पायरीवर येऊन बसे, चिलीम न आणता. तो पुढे बऱ्याच वर्षांनी दम्याने गेला. त्याच्या चिलमीला रडणे ठाऊक नव्हते, खोकणे ठाऊक होते.

पाईप आमच्याकडे राहिला. अलीकडे पुण्याच्या पुतण्याने तो पाहिला आणि चौकशी करून सांगितले की अशा पेढीच्या त्या काळच्या पाईपाला संग्राहक चांगली किंमत देतात. मात्र अक्षरे स्पष्ट हवीत. आम्ही भिंगाखाली पाहिली. काका ज्या बाजूने ती अक्षरे लोकांस दिसावीत म्हणून पाईप धरीत, त्याच बाजूस त्यांचा आंगठा टेके. पंचवीस वर्षांच्या त्या आंगठ्याने पेढीचे अर्धे नाव पुसून टाकले आहे. पुतण्या म्हणाला, घासून चकचकीत करून पाहू. जाणकाराने त्याला थांबविले. घासले की उरलेलेही जाईल. अर्ध्या नावाला अर्धीही किंमत येत नाही, असा तो व्यवहार आहे. पुतण्याला वाईट वाटले. वहिनींनी पाईप उचलून पुन्हा काकांच्या पाटीशेजारी कपाटात ठेवला. तो विकण्याचा विषय त्यांच्यापुढे पुन्हा कोणी काढलेला नाही.

कुंभारवाड्यात आता चाके थोडी उरली आहेत. कुंड्या होतात, पणत्या होतात, गणपतीच्या दिवसांत मूर्ती होतात. चिलमी ओढणारे गावात फारसे नाहीत, आणि तेच बरे. तरी त्या कुंभाराचा नातू महाशिवरात्रीपूर्वी एक आवा केवळ चिलमींचा लावतो. जत्रांतून फिरणारे व्यापारी येतात आणि कोडीच्या भावाने घेऊन जातात. कोठे विकतात ते तो विचारीत नाही. वाजवून कोणी पाहात नाही, पण तो स्वतः प्रत्येक चिलमीला टिचकी मारून मगच टोपलीत भरतो. कोडीमागे एक चिलीम वर देतो. वाटेत एखादी फुटणारच, असा त्याचा हिशेब आहे.